वाचक विचारतात : मोटार उद्योगातील लॅटिना अभियंता

गेल्या अंकात ग्रेस लीबलाइन यांच्या कारकिर्दीवर लेख आला, त्यानंतर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे असे संपादकांना वाटले आणि मलाही ते पटले. पुष्कळ पत्रांतले प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत. डेट्रॉइटच्या परिसरात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत मी वीस वर्षांहून अधिक काळ काम केले, त्यामुळे काही उत्तरांत माझा स्वतःचा अनुभव आला आहे. तो एकीचा अनुभव म्हणूनच वाचावा.

प्रश्न : मागील अंक माझ्या हाती पडला नाही. लीबलाइन कोण, आणि त्यांच्या वाटचालीत एवढे विशेष काय?

उत्तर : लीबलाइन यांचे वडील क्यूबाचे आणि आई निकाराग्वाची. त्या लॉस एंजेलिसमध्ये वाढल्या आणि 1978 साली तिथल्याच जनरल मोटर्सच्या जुळणी विभागात शिकाऊ विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. औद्योगिक अभियांत्रिकीची पदवी त्यांनी मिशिगनमधील फ्लिंट येथे, तेव्हाच्या जनरल मोटर्स इन्स्टिट्यूटमधून घेतली. पुढे ब्यूइक एन्क्लेव्ह आणि जीएमसी अकेडिया या एकाच सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या मोठ्या गाड्यांच्या त्या मुख्य अभियंता झाल्या. 2009 मध्ये कंपनीच्या मेक्सिकोतील कारभाराची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. 2011 मध्ये ब्राझील, त्यानंतर जगभराच्या खरेदीचे आणि 2014 मध्ये गुणवत्तेचे उपाध्यक्षपद, असा त्यांचा क्रम होता; 2016 मध्ये त्या निवृत्त झाल्या.

ही पदे नुसती मोजली तर हाती फारसे लागत नाही. त्यांचा क्रम पाहावा. जुळणीतून अभियांत्रिकीत, अभियांत्रिकीतून एका देशाच्या नफ्या-तोट्याच्या जबाबदारीत, तिथून खरेदीत आणि शेवटी गुणवत्तेत, अशा त्या दर वेळी परक्या विभागात गेल्या. मोटार उद्योगात वरच्या पदासाठी नाव निघते तेव्हा ‘हिने कारखाना पाहिला आहे का, पुरवठादारांशी भांडली आहे का’ असे विचारले जाते. एकाच विभागात उत्तम काम करून पंधरा वर्षे काढलेल्या माणसापाशी या प्रश्नाचे उत्तर नसते. हा हिशेब कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेला नाही. तो कुणीतरी सांगावा लागतो, आणि या सदराचा विषयही खरे तर तोच आहे.

प्रश्न : लॅटिना आणि हिस्पॅनिक यांत फरक काय? दोन्ही शब्द सरसकट वापरलेले दिसतात.

उत्तर : हिस्पॅनिक हा शब्द स्पॅनिश भाषेशी जोडलेला आहे, लॅटिनो किंवा लॅटिना हा लॅटिन अमेरिकेतील मुळाशी. म्हणून पोर्तुगीज बोलणारी ब्राझिलियन स्त्री लॅटिना असते पण हिस्पॅनिक नसते, आणि माद्रिदहून आलेल्या स्त्रीच्या बाबतीत नेमके उलट होते. अमेरिकेच्या जनगणनेने 1980 पासून हा प्रश्न प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, आणि तो वंशाच्या प्रश्नाहून वेगळा ठेवला, कारण लॅटिना गोरी, काळी किंवा मूळ अमेरिकन वंशाची, कुणीही असू शकते. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र असली वर्गवारी कुणी करत बसत नाही. तिथे ‘मेक्सिकन दिसते, म्हणजे स्पॅनिश येत असणार’ एवढ्यावर काम भागवले जाते आणि त्यातून काय निष्पन्न होते ते पुढे एका उत्तरात येईल.

प्रश्न : या क्षेत्रात लॅटिना खरोखरच इतक्या कमी आहेत का, की हा केवळ बोलबाला आहे?

उत्तर : कमी आहेत. प्यू रिसर्च सेंटरच्या 2021 च्या अहवालानुसार अमेरिकेतील एकूण नोकरदारांत हिस्पॅनिकांचे प्रमाण 17 टक्के होते, पण विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या नोकऱ्यांत ते 8 टक्क्यांवर येते. त्याच अहवालात अभियांत्रिकीच्या नोकऱ्यांमध्ये स्त्रिया अवघ्या 15 टक्के आहेत. या दोन्ही चाळण्यांतून जी खाली उतरते, ती बैठकीच्या टेबलाशी बहुधा एकटीच असते. माझ्या पहिल्या विभागात चाळीसएक अभियंते होते आणि त्यांत एक लॅटिना होती. ती रजेवर असली की एकही नव्हती.

प्रश्न : गरीब वस्तीतील मुली या शिक्षणापर्यंत पोहोचतात कशा? मोटारींच्या कारखान्यांत लॅटिनो कामगार तर फार पूर्वीपासून आहेत ना?

उत्तर : आहेत. 1910 नंतरच्या दशकात आणि पुढे मेक्सिकन माणसे फोर्डच्या कारखान्यांत मजुरीला आली आणि डेट्रॉइटच्या नैर्ऋत्येला त्यांची वस्ती झाली. आज तिला मेक्सिकनटाउन म्हणतात. 1932-33 मध्ये दिएगो रिवेरा यांनी डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्सच्या भिंतींवर रूज नदीकाठच्या फोर्डच्या कारखान्याची 27 चित्रे रंगवली, तेव्हा बाहेर मंदी होती आणि त्याच शहरातून अनेक मेक्सिकन कुटुंबांना परत मेक्सिकोला धाडले जात होते. भिंतीवर त्यांच्या श्रमाचा गौरव चालू असताना ती रेल्वेत बसत होती, हे त्या दालनात उभे राहिल्यावर मला दर वेळी आठवते.

पण कारखान्यातला कामगार बाप आणि यंत्रांचे नकाशे काढणारी अभियंता लेक यांच्यामधले अंतर आपोआप तुटत नाही. ते तोडण्याचा सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे काही महिने वर्ग आणि काही महिने कारखाना अशी आलटून-पालटून चालणारी शिक्षणपद्धती, जिला तिकडे ‘को-ऑप’ म्हणतात. फ्लिंटची जनरल मोटर्स इन्स्टिट्यूट याच पद्धतीवर उभी होती. आज ती केटरिंग विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. (चार्ल्स केटरिंग म्हणजे मोटारीला विजेचा स्टार्टर देणारा संशोधक. त्याच्यामुळे हँडल फिरवण्यासाठी दंडात ताकद असण्याची अट गेली, हे इथे नमूद करण्याजोगे आहे.) जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारा याही लॅटिना नसल्या तरी याच दारातून, 1980 साली आत आल्या, त्यांचे वडील पाँटियाकच्या कारखान्यात डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवणारे कारागीर होते. को-ऑपमध्ये पगार मिळतो, म्हणून घरून विरोध कमी होतो. आणि पदवी हाती येईपर्यंत कारखान्यातील चार माणसे मुलीला नावाने ओळखू लागतात, हा लाभ पगाराहूनही मोठा.

दुसरा आधार संघटनांचा. स्त्री अभियंत्यांची संघटना 1950 मध्ये स्थापन झाली. हिस्पॅनिक अभियंत्यांची संघटना 1974 मध्ये लॉस एंजेलिस महापालिकेत नोकरी करणाऱ्या काही अभियंत्यांनी काढली. तिच्या वार्षिक अधिवेशनात मोटार कंपन्या तिथल्या तिथे मुलाखती घेतात, म्हणून विद्यार्थिनी त्याकडे डोळे लावून बसतात.

प्रश्न : मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, नेमके करतो काय? आमच्या कार्यालयातही अशी योजना आहे. महिन्यातून एकदा कॉफी होते, ‘आत्मविश्वास ठेव’ असे सांगितले जाते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. आत्मविश्वास हा सल्ला देण्याचा विषय नाही. ज्याला कामातले काही दाखवता येत नाही, तो आत्मविश्वासावर बोलतो. मी पाहिलेले उत्तम मार्गदर्शन कॉफीवर झाले नाही, एका अहवालावर झाले, आणि ते थोडे विस्ताराने सांगते.

माझ्या वरिष्ठ पोर्तो रिकोच्या होत्या. तिथल्या मायाग्वेझच्या विद्यापीठातून त्या थेट डेट्रॉइटला आल्या होत्या; अमेरिकन कंपन्यांना अनेक पिढ्या अभियंते पुरवणारे ते विद्यापीठ आहे. त्यांच्या हाताखाली एल पासोची, मेक्सिकन आईवडिलांची एक मुलगी होती, नोकरीचे दुसरे वर्ष. आम्ही गाडीच्या दाराच्या आतले वायर हार्नेस, म्हणजे विजेच्या तारांचे बांधलेले जुडगे, पुरवत होतो आणि ते सीमेपलीकडे मेक्सिकोत स्युदाद ह्वारेसमधल्या कारखान्यात तयार होत. गाड्या जुळणीच्या ओळीवरून उतरताना मधूनच एखादीच्या काचेचे बटण चालेना. उघडून पाहिले तर कनेक्टर पुरता बसलेला नसायचा. हाताने दाबला की बटण चालू. मुलीने रीतसर 8डी अहवाल लिहिला. मोटार उद्योगात तक्रारीचा तपास आठ पायऱ्यांनी मांडण्याची ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. त्यातल्या ‘मूळ कारण’ या रकान्यात तिने लिहिले होते : ऑपरेटरची चूक. उपाय : ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण.

वरिष्ठ बाईंनी लाल पेन्सिलने दोन्ही ओळी खोडल्या आणि समासात लिहिले, ‘तिला चूक करता आली कशी?’ एवढेच. उत्तर त्यांना ठाऊक नव्हते, हे मला नंतर कळले.

मुलीने ह्वारेसला फोन लावला, पर्यवेक्षकाला नव्हे, त्या जागेवर बसणाऱ्या बाईलाच बोलावून घ्यायला सांगितले, आणि स्पॅनिशमध्ये विचारले की कनेक्टर बसला हे तुम्हाला कळते कसे. सूचनापत्रात लिहिले होते, ‘क्लिक ऐकू येईपर्यंत दाबा.’ ती बाई म्हणाली, क्लिक ऐकू येतच नाही. शेजारी हवेवर चालणारे पान्याचे यंत्र आले आहे, आम्ही अंदाजाने दाबतो. यंत्र कधी आले? तीन महिन्यांपूर्वी. तक्रारी कधीपासून? तेव्हापासूनच. इंग्रजीतल्या चार बैठकांत जे निघाले नव्हते, ते दहा मिनिटांच्या फोनवर निघाले.

उपाय दोन झाले. कनेक्टरला दुसरी छोटी कडी बसवली, जी पहिली पूर्ण बसल्याखेरीज आत सरकतच नाही, आणि शेवटच्या चाचणी-फळीवर ती कडी ओळखणारा संवेदक लावला. कडी नसेल तर हार्नेस फळीवरून सुटत नाही. कानाचे काम बोटाकडे आणि बोटाचे यंत्राकडे गेले. ग्राहक कंपनीपुढे हे मांडायची वेळ आली तेव्हा मांडणी त्या मुलीनेच केली. बाई तिच्या शेजारी नाही, मागच्या रांगेत बसल्या. आदल्या संध्याकाळी मात्र त्यांनी तिला दोन तास उलटसुलट प्रश्न विचारून हैराण केले होते, आणि त्यातले तीन प्रश्न दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे आले.

तुमच्या योजनेत कॉफी राहू द्या, पण पुढच्या भेटीला स्वतःचा एक अहवाल, एक नकाशा किंवा एक रखडलेला निर्णय घेऊन जा. त्यावर बोलायला मेंटॉरपाशी काही नसेल, तर मेंटॉर बदलण्याची विनंती करावी. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

प्रश्न : मार्गदर्शक आणि पाठीराखा यांत आपण मागील लेखात भेद केला होता. तो जरा स्पष्ट कराल का?

उत्तर : मार्गदर्शक तुमच्याशी बोलतो, पाठीराखा तुमच्याविषयी बोलतो, आणि तेही तुम्ही नसलेल्या खोलीत. वरील प्रसंगानंतर सहा महिन्यांनी एका नव्या गाडीच्या हार्नेससाठी प्रमुख अभियंता नेमायचा होता. त्या बैठकीत मी होते. तीन नावे आली, तिन्ही पुरुषांची आणि तिन्ही लायक. बाईंनी चौथे नाव घेतले आणि सांगितले की ती अडली तर जाब मला विचारा. कुणीतरी म्हणाले, अनुभव कमी आहे. बाईंनी विचारले, इतरांपैकी कुणाला ह्वारेसमधल्या ओळीवरची जागा न जागा माहीत आहे? निर्णय व्हायला चार मिनिटेही लागली नाहीत.

यात जोखीम असते. पाठीराखा स्वतःची पत गहाण टाकत असतो, म्हणून मार्गदर्शक दहा मिळतात आणि पाठीराखा क्वचित एखादा. तो मागून मिळत नाही. त्याला दाखवण्याजोगे काम आपल्या हातून झालेले असावे लागते, आणि त्याने ते डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते. लॅटिना अभियंत्यांच्या बाबतीत दुसऱ्या अटीवरच घोडे अडते. काम झालेले असते, पण वरच्या मजल्यावर ते तिच्या नावाने पोहोचत नाही.

प्रश्न : स्पॅनिश येणे हा तिथे फायदा की अडचण?

उत्तर : दोन्ही, आणि कधी कधी एकाच आठवड्यात. मोटार उद्योग सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे : सिलाओ, रामोस आरिस्पे, एर्मोसियो, पुएब्ला, आग्वासकालिएंतेस ही मेक्सिकोतल्या कारखान्यांच्या शहरांची नावे डेट्रॉइटच्या बैठकांत रोज उच्चारली जातात, बहुधा चुकीची. भाषा येणाऱ्या अभियंत्याला तिथल्या माणसाकडून खरी गोष्ट कळते, हे वर आलेच आहे.

पण त्याच मुलीचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. तिला भाषा येते हे कळताच जो तो विभाग तिला बैठकीला बोलावू लागला, साच्यांचा असो की मालवाहतुकीचा. ती दुभाषी झाली. आठवड्यातले बारा-पंधरा तास दुसऱ्यांची वाक्ये इकडून तिकडे नेण्यात जाऊ लागले, तिचे नकाशे रखडले, आणि वर्षअखेरच्या मूल्यमापनात शेरा आला : ‘कामे वेळेत पूर्ण होत नाहीत.’ ज्यांनी बोलावले त्यांच्यापैकी एकानेही तिच्या बाजूने दोन ओळी लिहिल्या नाहीत. मला अजूनही त्याचा राग येतो, कारण त्या विभागांपैकी एक माझा होता.

बाईंनी तिला भांडायला सांगितले नाही. तासांचा तक्ता आणायला सांगितला. यापुढे दुसऱ्या विभागाच्या बैठकीतला प्रत्येक तास त्या विभागाच्या प्रकल्प-क्रमांकावर टाकायचा, असे ठरले. महिनाभरात त्या विभागांच्या प्रमुखांना आपल्या खर्चात भलतेच नाव दिसू लागले आणि बोलावणी निम्म्यावर आली. जी उरली त्यांना तिने एकच अट घातली की विषयपत्रिकेवर तिचे नाव त्या मुद्द्याची जबाबदार अभियंता म्हणून छापले जावे. ते मान्य नसेल त्यांनी दुभाषी नेमावा, शहरात ते पुष्कळ मिळतात. आता माझ्याकडे कुणी मार्गदर्शन मागायला आले की मी आधी तासांचा तक्ता मागते.

प्रश्न : लॅटिना मुलीला मेंटॉर लॅटिनाच असावी का?

उत्तर : असली तर बरे, पण थांबू नये. वरचे आकडे पाहता सगळ्या जणी तशी वाट पाहत बसल्या तर बहुतेकींना कुणीच मिळणार नाही. शिवाय ज्या थोड्या ज्येष्ठ लॅटिना आहेत त्यांच्यावरच सगळ्या धाकट्यांचा भार पडतो आणि त्यांचे स्वतःचे काम मागे राहते. गोरा पुरुष वरिष्ठ साच्याचे माप किती कमी-जास्त झालेले चालेल याचे गणित तितकेच चांगले शिकवू शकतो. ‘बैठकीत माझ्या उच्चारावर हसले, आता काय करू’ हा प्रश्न मात्र त्याला विचारावासा वाटणार नाही, म्हणून दोघे असावेत.

प्रश्न : मेक्सिकोत शिकलेली अभियंता आणि अमेरिकेत जन्मलेली लॅटिना यांची स्थिती सारखीच असते का?

उत्तर : नाही. पोर्तो रिकोचे लोक 1917 पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यांना कामाच्या परवान्याचा प्रश्न येत नाही. मेक्सिकन नागरिक असलेल्या अभियंत्याला टीएन दर्जावर, म्हणजे व्यावसायिकांसाठीच्या तात्पुरत्या परवान्यावर, अमेरिकेत काम करता येते. 1994 च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारातून आलेली ही सोय 2020 पासून लागू झालेल्या नव्या करारातही कायम आहे. ती एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते आणि विशिष्ट मालकाशी बांधलेली असते. तिच्या मार्गदर्शकाने एवढे लक्षात ठेवावे की ‘पटत नसेल तर सोड ती कंपनी’ हा सल्ला तिला सहज पाळता येत नाही.

प्रश्न : अभियंता स्त्री असल्याने गाडीत खरोखर काही फरक पडतो का, की हा केवळ प्रतिनिधित्वाचा मुद्दा आहे?

उत्तर : एकच उदाहरण देते. 2011 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की सारख्या अपघातात पट्टा बांधलेल्या चालक स्त्रीला गंभीर इजा होण्याची शक्यता पट्टा बांधलेल्या पुरुषापेक्षा 47 टक्क्यांनी अधिक असते. गाड्यांच्या अपघात-चाचणीत वापरला जाणारा ‘स्त्री’ पुतळा सुमारे दीड मीटर उंचीचा आणि 49 किलोंचा, म्हणजे अगदी लहान चणीच्या स्त्रीचा आहे, आणि त्याची घडण मुळात पुरुषी पुतळा आकाराने लहान करून झालेली आहे. मध्यम बांध्याची स्त्री त्यात कुठेच नाही. स्त्री अभियंता आली की हे आपोआप सुटते असे मी म्हणणार नाही. पण ‘मी या आसनावर बसले की पट्टा मानेला काचतो’ असे आराखड्याच्या बैठकीत म्हणणारे माणूस लागते, आणि ते म्हटल्यावर टिपणात उतरावे लागते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातर्फे आम्ही शाळांमधून यशस्वी स्त्री अभियंत्यांची भाषणे ठेवतो. याचा उपयोग होतो का?

उत्तर : थोडा. एका दिवसाच्या भाषणातून मुलींच्या मनात एक चेहरा राहतो आणि आयोजकांकडे छायाचित्र राहते. मिशिगनमधील लॅटिना अभियंत्यांपैकी ज्या खरोखर वेळ देतात, त्यांना मी शाळांच्या रोबोटिक्स संघांत पाहिले आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या फर्स्ट या संस्थेच्या स्पर्धेत विद्यार्थी काही आठवड्यांत एक यंत्र उभे करतात आणि त्या काळात मोटार कंपन्यांतील अभियंते संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसतात. महाविद्यालयीन मुलांसाठी 1981 पासून चालत आलेली फॉर्म्युला एसएईची स्पर्धा आहे. त्यात छोटी शर्यतीची गाडी स्वतः बांधायची असते.

मात्र तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. पहिल्या आठवड्यात ड्रिल मुलग्याच्या हाती जाते आणि ‘तू छान बोलतेस’ म्हणून मुलीकडे फलक, सादरीकरण आणि प्रायोजकांना पत्रे लिहिण्याचे काम येते. कुणी ठरवून करत नाही, पण सहाव्या आठवड्यापर्यंत तिने एकही भोक पाडलेले नसते. आमच्या वरिष्ठ बाई संघाच्या खोलीत शिरताच भिंतीवर एक कागद लावायच्या, त्यावर कोणाचे कुठले काम आणि दर सोमवारी ते बदलणार, एवढेच. तुमच्या उपक्रमात भाषणाच्या जोडीला तो कागद लावता आला तर लावा, आणि सोमवारी तो खरोखर बदलतो की नाही हे पाहायला एक माणूस नेमा.